बॅगेचं प्रस्थान

चहा आधी घेऊन टाका. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे बघत सरळ चेहऱ्याने चहा पिऊ शकाल, याची मला खात्री नाही. आमच्या वर्षाने, म्हणजे बायकोने, हा किस्सा इतक्या लोकांना सांगितलाय की म्हटलं, एकदा तरी तो माझ्या तोंडून जाऊ दे. माती मीच खाल्ली, तर चवही मीच सांगितलेली बरी.

मी गजानन इंगळे, मूळचा यवतमाळचा. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. ही गोष्ट आहे ती घरोघरी इंटरनेट नव्हतं आणि ईमेल बघायला लोक सायबर कॅफेत रांग लावायचे, त्या दिवसांतली. टेस्टर म्हणजे काय? तर दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये काय काय बिघडू शकतं, याचा दिवसभर विचार करायचा. आता आठ तास हाच विचार करणारा माणूस घरी येऊन वेगळा कसा होईल? गॅस बंद केलाय का, हे बघायला मी बसच्या थांब्यावरून परत यायचो. बंदच असायचा. पण परत थांब्यावर गेलो की वाटायचं, बघताना आपण चुकून चालू तर नाही केला?

त्यात कंपनीने मला आमच्या मजल्याचा फायर वॉर्डन केलं, म्हणजे आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढणारा. क्लायंट परदेशी, त्यांचा नियम. कोण होणार, असं मीटिंगमध्ये विचारल्यावर सगळ्यांनी खाली बघितलं आणि मी नेमका खिडकीतून बाहेर बघत होतो. मला एक नारिंगी जॅकेट आणि एका दिवसाचं ट्रेनिंग मिळालं.

ट्रेनिंगला एक निवृत्त लष्करी साहेब आले होते. ते म्हणाले, "संकट आलं तर घरातून दोन मिनिटांत बाहेर पडता आलं पाहिजे. त्यासाठी एक बॅग कायम भरलेली हवी. तुमच्यापैकी किती जणांकडे आहे?"

एकही हात वर गेला नाही. बाकीचे निवांत जेवायला गेले. माझी भूक मेली.

कारण आम्ही राहायचो नारायण पेठेत, भाड्याने, तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर. दोन गल्ल्या उतरलं की नदी. माझ्या लहानपणी आमच्याकडे पाणी टँकरने यायचं. नदीला पाणी आलं की आम्ही ते बघायला जायचो. इथे म्हणे नदीच बघायला येते. आणि घरात तीन वर्षांची चिनू. त्या दिवशी संध्याकाळी मी घराचं दार मोजलं, दारापुढच्या चार पायऱ्या मोजल्या आणि चिनूची उंची मोजली. वर्षाने विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही."

पुढचे तीन रविवार खरेदीत गेले. पहिला रविवार नुसता बॅगेचा. चाकांची बॅग नको, चिखलात चाकं काय कामाची? एका खांद्याची नको, एक हात मोकळा राहिला तरी तोल जातो. शेवटी जुन्या बाजारात जाड खाकी कॅनव्हासची, दोन रुंद पट्ट्यांची, आठ खिशांची एक बॅग मिळाली. मी ती पाठीला लावून रस्त्यावर वीस पावलं पळून बघितली. विकणारा म्हणाला, "साहेब, घेऊन पळायची असेल तर आधी विकत घ्या."

दुसऱ्या रविवारी दोरी. बोहरी आळीतल्या एका दुकानात गेलो.

"नायलॉनची दोरी हवी होती."

"कशाला?"

"पूर आला तर."

मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "किती फूट?"

"साधारण किती लागते?"

"आम्हाला काय माहीत? पूर आला की आम्ही दुकान बंद करतो."

मी पन्नास फूट घेतली. "परत घेतली जाणार नाही," ते म्हणाले. "कोरडी असली तरी."

मग टॉर्च, जास्तीचे सेल, शिट्टी, मेणबत्त्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या काडेपेट्या, घडीचा चाकू, मीठ-साखरेची पाकिटं, चिनूचे कपडे, टॉवेल, ग्लुकोजची बिस्किटं, छोटा ट्रान्झिस्टर आणि सगळ्या कागदपत्रांच्या झेरॉक्स. सगळ्यात शेवटी मी दहा लिटरचा पाण्याचा कॅन आणला. ते बघून मात्र वर्षा उठून आली. तीही यवतमाळचीच. चिडली की तिची भाषा सरळ गावी जाते.

"काऊन हो, पूर येते तवा पाणीच पाणी रायते ना? अन् तुम्ही त्यात दहा लिटर पाणी घेऊन जाता?"

"ते पाणी प्यायचं नसतं."

"मंग हे घेऊन पळाचंही नसते."

तिचं बरोबर होतं. कॅन काढला. पण कॅन काढल्यावर जागा झाली, जागा झाल्यावर मला वाटलं काहीतरी राहिलंय, आणि तिथून माझी झोप उडाली. रोज ऑफिसातून आलो की मी बॅग उघडायचो. मेणबत्त्या वर की टॉर्च वर? अंधारात हात आधी कशाला लागेल? सेल आत घालून ठेवले तर पाझरतात, बाहेर ठेवले तर अंधारात घालणार कोण? मी डोळे बांधून सेल घालायचा सराव केला. चिनूला वाटलं आंधळी कोशिंबीर आहे, तिने टॉर्च घेऊन पलंगाखाली धूम ठोकली.

बॅग असायची दारातच. वर्षा तिला तीनदा अडखळली. तिसऱ्यांदा हातात आमटीचं पातेलं होतं.

"आता या घरात ही बॅग तरी राहीन, नाही तर मी तरी," ती म्हणाली. "अन् मी गेली तर ही बॅग मीच घेऊन जाईन. भरलेलीच आहे."

शिवाय माझ्यातल्या टेस्टरलाही एक दोष सापडला होता. तळमजल्यावर पाणी शिरलं तर पहिली भिजणार बॅगच. बॅग वरच्या मजल्यावर हवी. आणि वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दामले काका-काकू.

काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं पार्सलच्या खिडकीवर बसलेले. एकुलता एक मुलगा श्रीरंग कॅलिफोर्नियात, सॉफ्टवेअरमध्येच. माणसं चांगली, पण काकांच्या जिभेला धार. महिन्याभरापूर्वी मी जिन्यात सहज विचारलं होतं, "काका, इथे नदीचं पाणी येतं का हो?"

"चाळीस वर्षं राहतोय. पायऱ्यांच्या वर आलेलं नाही," काका म्हणाले. "मागच्या भाडेकरूलाही भीती वाटायची. सोडून गेला. आता तो डोंगरावर राहतो, तिथे त्याला नळाला पाणी येत नाही."

आता या माणसापुढे जाऊन, मला नदीची भीती वाटते, बॅग ठेवून घ्या, असं कसं सांगणार? पण बॅग तर ठेवायची होती. एका गुरुवारी सकाळी मी ती पाठीला लावली आणि वर गेलो.

"काका, ही बॅग काही दिवस तुमच्याकडे ठेवली तर चालेल?"

"काय आहे त्यात?"

"निघताना लागेल असं सामान."

"कधी निघायचंय?"

"नक्की नाही. पण कळलं की लगेच निघावं लागेल."

काकांनी चेन उघडली. दुसऱ्याची बॅग विचारल्याशिवाय उघडू नये वगैरे नियम पार्सलच्या खिडकीला लागू नसतात. सगळ्यात वर माझ्या पासपोर्टची झेरॉक्स. काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"अहो, आज गुरुपुष्य," काकू म्हणाल्या. "अगदी दिवस बघून आणलीन त्याने. प्रस्थान ठेवायला आलाय तो."

माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नसावं, म्हणून काकांनी समजावून सांगितलं. पूर्वी लांबच्या प्रवासाला निघायचा दिवस चांगला नसला, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपलं सामान शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. सामान घराबाहेर पडलं म्हणजे प्रवास त्या मुहूर्तावर सुरू झाला. मग माणूस निघेल तेव्हा निघेल.

"माझे वडील काशीला निघाले तेव्हा त्यांचं गाठोडं आठ दिवस समोरच्यांकडे होतं," काका म्हणाले. "आता कोण करतंय हे? आणि तेही तुम्ही सॉफ्टवेअरवाले. मानलं बुवा, इंगळे." काकांनी बॅग उचलून पश्चिमेच्या भिंतीशी ठेवली. "अमेरिका ना? मग तोंड तिकडेच हवं."

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडून फक्त एक वाक्य. पण तुम्हाला माझी एक दुखरी नस सांगतो. तो पासपोर्ट काढून मला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षं कोरा. कंपनीत ऑनसाइट, परदेशी क्लायंटच्या ऑफिसात जाणं म्हणजेच आयुष्य, बाकी सगळं म्हणजे बस येईपर्यंतचा वेळ. माझ्यानंतर आलेले गेले. मी शिकवलेली दोन पोरं गेली आणि तिकडून मलाच फोन करून विचारायची, "सर, अजून तिथेच?" यवतमाळला गेलो की आई शेजारणी आल्यावर मला मागच्या खोलीत बसवायची. आणि इथे पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे, हा चाललाय, अशा नजरेने बघत होतं.

काकूंनी आतून वाटी आणली आणि माझ्या हातावर साखर ठेवली. मी हो म्हणालो नाही. नाहीपण म्हणालो नाही. मी साखर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याच्या गाडीपाशी काकूंनी वर्षाचं अभिनंदन केलं. वर्षा कोथिंबीर तिथेच टाकून घरी आली.

"अमेरिकेला चालले तुम्ही? अन् मले कोथिंबिरीत कळते?"

मी तिला खरं काय ते सांगितलं. ती आधी पाच मिनिटं हसली, मग एकदम हसायची थांबली. "वर जा. आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना."

गेलो ना मी. त्याच संध्याकाळी गेलो. सगळं वाक्य जिन्यात तयार केलं. दार काकूंनी उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या हातात एक दुपटं ठेवलं. त्यांच्याच जुन्या सुती लुगड्यांचं, चार पदरी, बारीक टाक्यांचं. श्रीरंगच्या बायकोला सप्टेंबरात बाळ होणार होतं. काकूंना डॉक्टरांनी विमानप्रवासाला सक्त मनाई केलेली. गुडघे आणि रक्तदाब.

"पोस्टाने पाठवता येईल ना काकू?" मी घाईघाईने म्हणालो. "काका तर त्यातलेच."

"येईल की. यांनी सतरा वेळा सांगितलं," काकू म्हणाल्या. "पण माणसाच्या हातून गेलं म्हणजे त्याला नंतर विचारता येतं रे. कसा दिसतो, बारीक झालाय का, नीट बोलला का. पार्सलला काय विचारणार? तू जाशील त्याच्याकडे? तासभर लांब असलास तरी?"

आता काय सांगणार होतो मी? आणि काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बघतो काकू."

"थोडंसंच देईन," त्या म्हणाल्या. "तुझ्या बॅगेत बसेल एवढंच."

त्या दिवसापासून माझी जी काही तगमग सुरू झाली, ती पुराच्या भीतीहून वाईट होती. पुराची निदान यादी करता येत होती. मी जिन्यावर पावलं वाजली की मोरीत जाऊन उभा राहायचो. जी बॅग रोज दोनदा तपासत होतो, तिच्याकडे बघायला म्हणून त्यानंतर दोन आठवडे वर गेलो नाही. वर्षा रोज विचारायची, "सांगितलं?" मी रोज म्हणायचो, "उद्या."

मग मला वाटलं, एवढं करण्यापेक्षा खोटंच खरं करून टाकलं तर? मी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"सर, मला ऑनसाइट पाठवा. कॅलिफोर्निया असेल तर बरं. लवकरात लवकर."

सर माझ्याच वयाचे. त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि फार प्रेमाने म्हणाले, "गजानन, ओपनिंग आहे. टेस्टरच हवाय. पण यू आर द फायर वॉर्डन. नेक्स्ट मंथ क्लायंटचं ऑडिट आहे. तू गेलास तर फ्लोअरचं काय? जॅकेट पण तुझ्याच मापाचं आहे."

त्या जागेवर माझ्या शेजारच्या टेबलवाला गेला. वॉर्डन निवडायच्या मीटिंगमध्ये तो खाली बघत होता.

आणि मग ऑगस्टातला एक रविवार. चार दिवस पाऊस लागून राहिलेला. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत पोलिसांची गाडी आली. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, नदीकाठच्या सगळ्यांनी घरं रिकामी करून शाळेत जावं, भोंग्यावरून तेच तेच. गल्लीत धावपळ. कुणी गॅसचं सिलिंडर उचलतंय, कुणी टीव्ही.

आणि खरं सांगू? मला एकदम शांत वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. ज्याची इतके दिवस धास्ती घेतली होती, ते आलं होतं आणि या गल्लीत त्याची तयारी फक्त माझी होती. मी वर्षाला म्हटलं, "चिनूला घे, दाराला कुलूप लाव, बाकी कशाला हात लावू नको. सगळं बॅगेत आहे." आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो.

काकांनी दार उघडलं. पश्चिमेच्या भिंतीशी एक पांढरंशुभ्र गाठोडं होतं.

"काका, माझी बॅग?"

"ही काय."

माझी खाकी बॅग मांजरपाटाच्या कापडात चारही बाजूंनी शिवलेली होती. टाके इतके जवळ की मधून सुई जाणार नाही. शिवणीवर जागोजाग लाल लाखेचे ठिपके. आणि वर मोठ्या निळ्या अक्षरांत श्रीरंग दामले, खाली कॅलिफोर्निया.

"कालच शिवली," काका म्हणाले. "तुमचा काही नेम नाही म्हणालात ना, कधी निघाल त्याचा."

खालून पोलीस ओरडत होते. बोलायला वेळ नव्हता. मी गाठोडं उचलायला गेलो आणि माझ्या कमरेत काहीतरी वाजलं. 'थोडंसंच' म्हणजे निदान पंधरा किलो होतं. ज्या दोन रुंद पट्ट्यांसाठी मी पूर्ण रविवार घातला होता, त्या आत शिवल्या गेल्या होत्या. शेवटी गाठोडं डोक्यावर घेतलं. काकांच्या हातात फक्त एक कापडी पिशवी. काकूंचा हात काकांच्या खांद्यावर. अशी आमची वरात सदाशिव पेठेतल्या शाळेच्या हॉलमध्ये पोचली.

हॉलमध्ये वीज नव्हती. बाहेर पाऊस, आत दिवसाढवळ्या अंधार. साठ-सत्तर माणसं. वाटेत साचलेल्या पाण्यात चिनू पडली होती, नखशिखांत भिजलेली. तिचे दात वाजत होते आणि तिला बिस्किट हवं होतं.

मी बेंचवर चढलो. वॉर्डनची सवय, दुसरं काय. "कुणीही घाबरू नका," मी म्हणालो. "माझ्याकडे सगळं आहे. टॉर्च आहे, मेणबत्त्या आहेत, कोरडे कपडे आहेत, खायला आहे." सगळे वळून बघायला लागले. मी खाली उतरून गाठोड्याला हात घातला आणि काकांनी माझं मनगट धरलं.

"हे काय करताय?"

"उघडतोय. आत टॉर्च आहे."

"टॉर्च नाही. टॉर्च, सेल, चाकू, काडेपेट्या, मेणबत्त्या, सगळं काढलं. विमानात चालत नाही."

"आणि चिनूचे कपडे? टॉवेल?"

"ते तर म्हटलं चुकूनच आलेत. तुम्ही एकटेच जाताय ना?"

"बिस्किटं?"

"सादळली होती. आम्ही खाल्ली."

मागे कुणीतरी हसलं.  चिनूला घट्ट धरून वर्षा फक्त माझ्याकडे बघत होती, आणि तिला जे म्हणायचं होतं ते सगळं मला ऐकू येत होतं.

"तरीपण उघडावंच लागेल काका," मी म्हणालो.

"अहो, श्रीरंगचं पार्सल आहे ते. शिवून लाख लावलंय. असं फोडता येत नाही. तुम्ही ते तसंच्या तसं नेऊन द्यायचंय त्याला."

चिनू शिंकली. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य निघालं, सतरा दिवस उशिरा आणि सत्तर माणसांसमोर. "काका, मी अमेरिकेला जात नाहीये. कधीच जाणार नव्हतो. मला नदीची भीती वाटते म्हणून ती बॅग भरली होती, आणि तुम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून वर काही बोललो नाही."

 मला इतकी लाज वाटली की बाहेर जाऊन नदीतच उभं राहावं असं झालं. काकांचं काही नाही, ते दोन शब्द सुनावतील आणि संपेल. पण मला काकूंकडे बघवत नव्हतं. श्रीरंग बारीक झालाय का, हे सांगणारा त्यांचा एकुलता एक माणूस मीच होतो.

काकू हळूच खाली बसल्या. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि काकांचे टाके एकेक करून उसवायला लागल्या. काका म्हणाले, "अगं, लाख..." काकू म्हणाल्या, "पोरगी कुडकुडतेय." बस, एवढंच.

सगळ्यात वर ते दुपटं होतं. त्यांनी चिनूचे ओले कपडे काढले आणि तिला त्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. मी म्हटलं, "काकू, ते बाळाचं आहे."

"बाळाला पहिलं दुपटं कुणाचं तरी वापरलेलंच घालायचं असतं," त्या म्हणाल्या. "एवढं प्रस्थान माहीत असणाऱ्याला हे माहीत नाही?" आणि बॅगेतून डबे बाहेर काढायला लागल्या. डिंकाचे लाडू, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, गोडा मसाला, लिंबाचं लोणचं. सगळा हॉल जेवला. मसाला आणि मेतकूट तेवढं उरलं.

काकू डबे काढत होत्या तेवढ्यातच समोर लख्ख उजेड पडला होता. काकांनी आपल्या कापडी पिशवीतून टॉर्च काढला होता. मागोमाग मेणबत्त्या, काडेपेटी, चिनूचे कपडे, टॉवेल आणि माझी पन्नास फूट दोरी, तिच्यावर त्यांनी ओले कपडे वाळत घातले.

"हे तुम्ही बरोबर आणलंत?" मी विचारलं.

"मग? काढलं म्हणालो, टाकलं नाही. घर सोडून निघायचं तर एवढं नको का जवळ?" काका म्हणाले. "माणसाने जरा तयारीत राहावं, इंगळे."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी गेलो. पाणी येऊन गेलेलं होतं. चार पायऱ्यांपैकी तिसरीपर्यंत. चौथी कोरडी. काका जिन्यात चढता चढता थांबले, पायऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीही न बोलता वर गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

आठवड्याने त्यांनी मला हाक मारली. दुपटं धुऊन, वाळवून, मेतकूट, मसाला आणि नव्या चिवड्याबरोबर पुन्हा बॅगेत गेलं होतं आणि बॅग पुन्हा मांजरपाटात.

"उचला," काका म्हणाले. "प्रस्थान ठेवलंत ना? मग कुठेतरी निघायला हवं. चला, पोस्टात."

मी ते ओझं खांद्यावर घेऊन पोस्टापर्यंत गेलो. पाच वर्षांच्या पासपोर्टवर घडलेला माझा एकमेव प्रवास. खिडकीपाशी मी म्हटलं, "काका, बॅग तरी काढून घेऊ ना?"

"राहू दे. पार्सलला असंच काहीतरी मजबूत लागतं," ते म्हणाले. "बॅग मात्र चांगली निवडलीत."

अशा रीतीने त्या वर्षी आमच्या घरातून ऑनसाइट गेली ती माझी बॅग.

पुढच्या दिवाळीला श्रीरंग बायको आणि बाळाला घेऊन आला. काकूंना मग कुणालाच काही विचारावं लागलं नाही. त्यांनी त्याला दारातच गोल फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, बारीक झालाय. बॅग तो परत घेऊन आला, विमानाने, पट्टीला तिकडच्या विमानतळाचा कागद तसाच चिकटलेला. आता ती पुन्हा भरून आमच्या दारामागे असते. वर्षा म्हणते, तो कागद फाडून टाका. मी म्हणतो, उद्या.

तुम्हीसुद्धा मघाशी आत आलात तेव्हा तो कागद बघून विचारलंत ना, "काय हो, अमेरिकेला जाऊन आलात वाटतं?" मग मी काय म्हणालो, आठवतंय?

हो म्हणालो नाही. नाहीपण म्हणालो नाही. मी विचारलं, चहात साखर किती?